अहो, थांबा जरा

कुंदाताईंचं नाव आधी घेतो, बाकीचं मागून सांगतो. कारण बाकीचं जे काही आहे, ते त्यांच्यामुळं आहे. घरापासून इतक्या लांब, दक्षिणेतल्या एका शहरात, विमानांच्या हँगरमध्ये मी आज कामाला आहे, हे माझ्या याडीला, म्हणजे आईला, अजून खरं वाटत नाही. खरं सांगायचं तर मलाही रोज वाटतंच असं नाही. सकाळी गेटमधून आत शिरताना धाक असतो, की आज कोणीतरी अडवून विचारणार, आठवीतून शाळा सोडलेला माणूस इथं कसा काय घुसला? अजून कोणी विचारलं नाही. विचारलंच तर कुंदाताईंचं नाव सांगीन, असं ठरवून ठेवलेलं आहे.

परवा एका छोट्या शिकाऊ विमानाच्या ब्रेकच्या तेलातली हवा काढली. काम झालं, पायाखालचं झाकण लावलं, शेवटचा स्क्रू आवळला आणि सवयीनं मोठ्यानं बोलून गेलो, "सुभाष राठोड. आत माझं काही राहिलं नाही." सोबतचा तमिळ गडी बघतच राहिला. मोडक्या हिंदीत त्यानं विचारलं, "मंत्र है क्या?"

म्हटलं, "हां भाई, वैसाच समझ."

हा मंत्र कुंदाताईंचा. त्यांच्या हाताखाली झाकण लावणाऱ्यानं आपलं नाव घेऊन हे वाक्य मोठ्यानं म्हणायचंच. पाना, चिंधी, बोल्ट, खिशातली तंबाखूची डबी, काही आत राहिलं नाही ना, हे मनात नाही, तोंडानं म्हणायचं. त्या म्हणायच्या, "मनातल्या मनात माणूस स्वतःला लवकर माफ करतो. तोंडानं बोलताना जीभ अडखळते."

मी फुलसावंगीकडच्या बंजारा तांड्यावरचा. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. राजूरला कोळशाच्या डंपरांचे ब्रेक करण्यात बरीच वर्षं गेली, मग यवतमाळला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपला लागलो. तिथं एक दिवस वकीलसाहेब आले. गावातले नामी वकील, पण विमानाचं वेड. कुठूनतरी एक जुनं दोन माणसांचं विमान त्यांनी विकत आणून धावपट्टीच्या कडेच्या टिनाच्या शेडमध्ये ठेवलं होतं. पुढं दोन चाकं, शेपटीखाली एक चिमुकलं चाक, आणि वय वकीलसाहेबांपेक्षाही जास्त. इंजिन सुधारलं होतं, कापड नवं चढवलं होतं, पण ब्रेक लागत नव्हते. पायाखाली प्रत्येक चाकाचा एक असे दोन मास्टर सिलिंडर असतात. पायानं दाबलं की हे सिलिंडरच तेल चाकाकडं ढकलतात. दोन्ही गळत होते. नवी जोडी मागवली होती आणि बसवायला एक बारीक अंगाचा, ब्रेक कळणारा माणूस पाहिजे होता. वर्कशॉपच्या मालकानं माझ्याकडं बोट दाखवलं.

शेडमध्ये गेलो तर विमानाच्या नाकाशी एक बाई उभ्या. पांढरे केस, सुती साडी, साडीवर पुरुषी शर्ट, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत. मी वकीलसाहेबांची आई समजून पाया पडायला वाकलो.

"खाली वाकलाच आहात तर सांगा," त्या म्हणाल्या, "पाय वर आणि डोकं खाली, असे किती वेळ राहू शकता?"

"मले नाही समजलं, बाई."

"ताई म्हणा. ते सिलिंडर पायाच्या पेडलांच्या मागं आहेत. डोकं तिथं घालावं लागतं आणि पाय दरवाज्याबाहेर. चक्कर येते का तुम्हाला?"

"डंपरखाली आयुष्य गेलं, ताई. चक्कर नाही येत. पण मी..." आणि मग लाजत सांगून टाकलं, "मी आठवीच शिकलो हो."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मी शिक्षण नाही विचारलं. चक्कर विचारली."

एवढीच मुलाखत. त्या दिवसापासून मी त्यांचा सुभाषराव झालो. त्या सगळ्यांनाच राव लावायच्या, चहावाल्या पोराला, चौकीदाराला, शेडमध्ये झोपायला येणाऱ्या कुत्र्यालाही. मला मात्र त्याआधी कोणी कधी राव म्हटलं नव्हतं. पहिले काही दिवस हाक आली की मी मागं वळून बघायचो, कोण आलं म्हणून.

विमानाला त्या अहो म्हणायच्या. चाकाला पाचर लावली की, "अहो, थांबा जरा." पंख पुसताना, "अहो, किती धूळ खाता." वकीलसाहेबांचा ड्रायव्हर एकदा माझ्या कानात म्हणाला, "काहून रे, ताईनं लग्न नाही केलं म्हणतात, अन् हे अहो कोन?" ताईंचे कान तिखट. तिकडूनच म्हणाल्या, "हेच ते. फार बोलत नाहीत आणि वेळेवर तेल दिलं की भांडत नाहीत. तुमच्या बायकोला विचारून बघा, तिला बदली करून हवी आहे का."

त्या यवतमाळच्याच. घरात आजोबांपासून सगळे कचेरीतले. वडील हेडक्लार्क, एक भाऊ बँकेत, एक कोर्टात. या एकट्याच विमान दुरुस्तीचं शिकल्या, लायसन्स घेतलं आणि गावोगावच्या हँगरमध्ये जन्म काढून निवृत्त होऊन परत आल्या. "घरच्यांना धास्ती होती, पोरगी तोंड काळं करणार," त्या हसून सांगायच्या. "मी हात काळे केले. हात धुता येतात."

लायसन्स म्हणजे काय, ते मला त्यांच्याकडंच कळलं. काम कोणीही करो, विमान उडायला ठीक आहे असं म्हणून शेवटी सही करायचा हक्क ज्याच्याकडं, त्याच्या सहीवर दुसऱ्याचा जीव असतो. वकीलसाहेबांचं विमान त्यांचं शेवटचं. त्या तसं बोलून दाखवायच्या, "यांना एकदा उडताना बघितलं आणि खाली माझी सही असली, की मी शर्ट काढून ठेवीन." बाकी त्यांना काही नको होतं. वकीलसाहेबांनी सत्काराचं काढलं तेव्हा त्यांनी शाल घेऊन इंजिनावर झाकली.

काम सुरू करताना पहिल्याच दिवशी मी त्यांची बोलणी खाल्ली. जुने सिलिंडर काढले, नवे बसवले, पिना घातल्या. आता हवा काढायची. मी डंपरवाला. वरून तेल ओतलं आणि दणादण पाय मारायला लागलो. खाली चाकाशी ताई. बुडबुडे काही थांबेनात. घामाघूम झालो.

"सुभाषराव, काय करून राहिलात?"

"हवा काढून राह्यलो नं, ताई."

"कुठं नेता तिला?"

"खाली. चाकाकडून."

"हवेची सवय काय? वर जायची की खाली यायची?"

माझा पाय थांबला.

"मग तिला केसाला धरून खाली कायले ओढता?" माझ्यासोबत बोलताना त्या मधूनच माझ्या बोलीत शिरायच्या. "आपण खालून तेल द्यायचं, चाकापासून वर. ती आपल्या पायानं निघून जाते. तुम्ही वर फक्त वाट बघायची."

छोट्या हातपंपानं त्यांनी चाकाकडून तेल वर ढकललं. मी पेडलांच्या मागं डोकं घालून टॉर्च धरून बघत राहिलो. आधी फेस, मग मोठे बुडबुडे, मग एकेक, आणि मग लालभडक, स्वच्छ तेल. डाळिंबाच्या रसासारखं. "लाल?" त्यांनी खालून विचारलं. "लाल," मी वरून ओरडलो. या विमानाला लालच तेल लागतं. गाडीचं ब्रेक ऑइल पिवळं, ते यातल्या रबराचं वैरी. रबर फुगतं आणि चाक जखडतं. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं, की तांड्यावर गेलो तेव्हा बायको म्हणाली, झोपेत लाल लाल म्हणता.

पुस्तकाशिवाय त्या काम करू देत नसत. विमानाचं जाडजूड पुस्तक स्टुलावर उघडं असायचं. त्या एक ओळ इंग्रजीत वाचायच्या, मराठीत सांगायच्या, मग मी हात लावायचा. एकदा मी म्हटलं, "ताई, तुमचं तर पाठच आहे. काहून वाचता दरवेळी?"

"पाठ आहे म्हणूनच वाचते. माहीत नसलेलं माणूस विचारून करतो. चुकतं ते पाठ असलेलंच."

पाहुण्यांचीही गय नव्हती. वकीलसाहेब कधी नातेवाइकांना घेऊन यायचे, विमानात बसून फोटो काढायला. दारात ताई परात घेऊन उभ्या. पेन, मोबाईल, किल्ल्या, सुट्टे पैसे, सैल बांगड्या, सगळं परातीत. एक मावशी फणकारल्या, "आम्ही काय चोर आहोत?"

"नाही हो. तुम्ही चोर असता तर काहीतरी घेऊन गेला असता. मला भीती आहे ती टाकून जाणाऱ्यांची."

वकीलसाहेबांचंही सोन्याच्या टोकाचं पेन परातीत गेलं. बिचारे कोर्टात मोठमोठ्यांना बोलू द्यायचे नाहीत, इथं मुकाट्यानं खिसे उलटे करायचे.

अजून एक नियम होता, आणि त्याची मला भीती वाटायची. ज्यानं ब्रेक केले, त्यानं पहिल्या धावेला आत बसायचं. उडायचं नाही, पट्टीवर जोरात पळवून थांबवून बघायचं, तेव्हा पायलटच्या शेजारी ब्रेक करणारा. त्यांच्या तरुणपणी जिथं कामाला होत्या तिथली ही रीत. "आपण केलेल्यावर आपला भरवसा आहे का, हे तिथं कळतं," त्या म्हणायच्या. मला तर एसटीतही पुढच्या सीटवर बसवत नाही.

सगळं जमलं. ब्रेक दगडासारखे लागू लागले. नागपूरहून कॅप्टन येऊन धाव घेणार, असं ठरलं. मधे होळी आली. माझ्या पोराची धुंड होती. आमच्यात वर्षभरात जन्मलेल्या मुलाची पहिली होळी धुंडीनं साजरी करतात, बापानं नसून चालत नाही. ताई म्हणाल्या, "जा, जा. यांना काही होत नाही." मी झाकण लावलं, माझं वाक्य म्हटलं आणि तांड्यावर गेलो. लेंगी, म्हणजे आमची होळीची गाणी, गायली, नाचलो, पोराला खांद्यावर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तांड्यावर लोक मला काम विचारत होते आणि मी मान वर करून सांगत होतो.

परत आलो तर शेडमध्ये आवाज चढलेला. वकीलसाहेब, त्यांचा ड्रायव्हर, आणि स्टुलावर ताई. विमान ढकलायला गेले तर डावं चाक जखडलेलं. ब्रेकचं पेडल दाबलं की वर येईना. मला बघितलं आणि वकीलसाहेब कडाडले,

"आला! अरे, काय घातलं यात? मी म्हणत होतो ताईंना, डंपर और हवाई जहाज में फरक होता है. घरी जायची घाई, दिलं ओतून जीपचं तेल!"

"साहेब, मी नाही घातलं. लालच होतं. मी जातानी..."

"मग भुतानं घातलं? तुझ्याशिवाय ब्रेकला हात कोणाचा लागते?"

मला पुढं बोलता येईना. खरं तर सांगता आलं असतं, पण माझी जीभ मोठ्या माणसांसमोर चिकटते, आजही. मनात एकच, परवा तांड्यावर मिरवलो आणि आज पिशवी घेऊन त्याच रस्त्यानं परत. आठवी शिकलेल्याचं कोण ऐकतं? मी कोपऱ्यातली माझी पिशवी उचलायला गेलो.

"थांबा," ताई म्हणाल्या. विमानाला म्हणायच्या त्याच आवाजात. "सुभाषराव, आधी नळी सोडा. थोडं तेल काचेच्या भांड्यात घ्या. उन्हात न्या."

मी नेलं. त्या मागून आल्या.

"रंग सांगा."

"लालसर आहे, ताई. पण फिक्कट. खाली पिवळं बसून राह्यलं."

त्या भांड्याकडं बघत होत्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. भांडं डोळ्यांजवळ नेलं, लांब केलं. मग वास घेतला. वास घेतल्यावर त्यांचा चेहरा उतरला, तो मी विसरणार नाही.

शेडमध्ये परत आल्या आणि वकीलसाहेबांना म्हणाल्या, "सुभाषरावांना बोलू नका. तेल मी घातलं."

"ताई?"

"होळीच्या दुसऱ्या दिवशी मी एकटीच आले होते. डाव्या बाजूचं तेल जरा कमी वाटलं. झाकण उघडलं, फळीवरचा डबा घेतला आणि भरलं. फळीवर तुमच्या जीपचाही डबा होता."

वकीलसाहेब हसले. खरंच हसले. "ताई, तुमचा जीव लागला आहे या पोरावर, मला कळतं. पण वाचवू नका त्याला. तुमच्याकडून असं होणारच नाही."

"होणार नाही म्हणूनच झालं," ताई म्हणाल्या. "पुस्तक उघडलं नव्हतं. पाठ होतं ना."

तरी त्यांना पटेना. तेव्हा ताईंनी मला दोन पेल्यांत तेल ओतायला लावलं. एकात लाल, एकात जीपचं पिवळं. पाठ फिरवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वकीलसाहेब, पेल्यांची जागा तुमच्या मनाला येईल तशी बदला." मग वळल्या. दोन्ही पेल्यांकडं बघितलं. मला तर दारातून दिसत होतं, एक कुंकू आणि एक हळद. ताईंचं बोट दोन्हींच्या मधे थांबलं.

"मला दोन्ही मातकट दिसतात," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू आहे. दिवाळीपासून वाढतोय. डब्यावरची अक्षरंही दिसली नव्हती. यांना उडवेपर्यंत ऑपरेशन नको, सही नको अडायला, म्हणून कोणाला बोलले नाही. सुभाषरावांना नुसतं वाचा म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते परत येईपर्यंत थांबले नाही."

ड्रायव्हर उगाच पाचर सरळ करू लागला.

ताईंनी खिशातलं पेन काढलं, दारातल्या परातीत ठेवलं. "माझी सही आजपासून बंद. नागपूरहून दुसरे इंजिनिअर बोलवा, ते तपासतील, ते सही करतील. माझं एकच मागणं आहे. सिलिंडर पुन्हा उघडायचे आहेत, सगळं रबर बदलायचं आहे. ते सुभाषरावच करतील. आणि येणाऱ्या साहेबांना सांगायचं की पहिल्यांदाही यांचं बरोबर होतं."

त्या शेवटच्या विमानावरची सही त्यांना किती हवी होती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्या गप्प राहिल्या असत्या तर मी पिशवी घेऊन गेलो असतो आणि सगळं पूर्वीसारखं चाललं असतं. वकीलसाहेब माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, चुकलं माझं," एवढंच म्हणाले. ते त्यांना सोपं गेलं नसावं.

दुसऱ्यांदा काम केलं तेव्हा ताई विमानाला हात लावत नव्हत्या. शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या. पुस्तक आता माझ्या हातात. मी एकेक इंग्रजी अक्षर जुळवून वाचायचो आणि त्या अर्थ सांगायच्या. माझी गाडी अडली की म्हणायच्या, "स्पेलिंग सांगा, घाई नाही." एका ओळीला कधी कधी चहा थंड व्हायचा. नळ्या धुतल्या, पिवळ्याचा अंश राहू दिला नाही, रबर बदललं, खालून वर लाल तेल चढवलं. दारातून हाक यायची, "लाल?" मी ओरडायचो, "लाल!"

नागपूरचे इंजिनिअर आले, दिवसभर तपासत राहिले, आणि सही करून गेले. ताईंनी त्यांना घरी नेऊन जेवू घातलं.

धावेच्या दिवशी सकाळी कॅप्टन म्हणाले, "ताई, आज तुम्ही बसा शेजारी. मान तुमचा."

"ज्यानं ब्रेक केले तो बसतो," ताई म्हणाल्या. "मी नाही केले."

मी बसलो. पट्टे आवळले. पुन्हा पुन्हा ओढून बघत होतो, तेव्हा कॅप्टननी विचारलं, बरं आहे ना. इंजिन सुरू झालं, विमान पट्टीवर पळू लागलं, शेपटी उचलली. पट्टीच्या पार टोकाजवळ कडेला वकीलसाहेब आणि ताई उभे होते. ताईंनी छत्री धरली होती, आणि त्या आमच्याकडं बघतच नव्हत्या. मान वळवून कान आमच्याकडं केला होता. कॅप्टननी दोन्ही ब्रेक दाबले. विमान सरळ, कुठं न ओढता, हळू होत गेलं. ते पुरतं थांबायच्या आधीच ताईंचा हात वर गेला. त्यांना ऐकू आलं होतं.

उतरलो तोवर त्या विमानाशी येऊन झाकणावर हात फिरवत होत्या. "कोणी लावलं?"

"मी, ताई."

"मग म्हणा."

"सुभाष राठोड. आत माझं काही राहिलं नाही."

"अहो, थांबलात की हो," त्या विमानाला म्हणाल्या, आणि शर्ट काढून घडी करून माझ्या हातात दिला. पुढं इथल्या हँगरमध्ये त्यांच्या जुन्या ओळखीनं फोन करून त्यांनीच मला चिकटवलं. निघालो त्या दिवशी स्टँडवर आल्या होत्या. माझी एसटी कोणती ते त्यांना दिसत नव्हतं, म्हणून भलत्याच गाडीला हात करत उभ्या होत्या. मी माझ्या खिडकीतून ओरडलो, "ताई, इकडं!" तर आवाजाच्या दिशेला वळल्या आणि हसल्या. ते शेवटचं बघणं.

आता एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, फोनवर सांगत होत्या. दुसऱ्याचं उन्हाळ्यानंतर. मी इकडं बाहेरून दहावीचा फॉर्म भरला आहे. दहावी, मग बारावी, मग लायसन्सच्या परीक्षा, लांबचा रस्ता आहे आणि मला भीती वाटते. पण शर्ट माझ्याकडं आहे.

ताई, एक दिवस यवतमाळला येईन. तेच विमान असेल, त्याच्या ब्रेकला माझे हात लागलेले असतील आणि खाली सही माझी असेल. तुम्ही म्हणाल, ज्यानं ब्रेक केले तो बसतो. तेव्हा मी तुमचं ऐकणार नाही. दार उघडून धरीन आणि म्हणीन, बसा ताई, हे ब्रेक तुमीच केले.